पानाला दीडशे रुपये

एम. ए. इतिहासाच्या पहिल्या वर्षाचा निकाल लागला त्या आठवड्यात, नारायण पेठेतल्या खोलीत माझ्या वाट्याला आलेल्या कॉटवर बसून मी वहीत एक हिशेब मांडला. एका बाजूला कॉटचे भाडे, मेस, बसचा पास आणि झेरॉक्स. दुसऱ्या बाजूला श्रीगोंद्याहून वडील पाठवीत असलेली रक्कम, जी कांद्याच्या भावाप्रमाणे कधी वेळेवर येई आणि कधी येत नसे. दोन्ही बाजूंत महिन्याला साधारण सहा हजारांचे अंतर पडत होते. हे अंतर मी पहिल्या वर्षी दोन प्रकारे भरून काढले होते. प्रथम विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत ग्रंथालयातील पुस्तके लावण्याचे काम केले, आणि त्यातून भागेना तेव्हा एका खासगी कार्यालयात सायंकाळी पाच ते रात्री दहा औषधांची बिले संगणकात चढविण्याची नोकरी धरली. नोकरी वाईट नव्हती. पैसे वेळेवर मिळत. परंतु मेस साडेनऊला बंद होई, मैत्रिणीने झाकून ठेवलेला डबा मी गार खात असे, आणि त्यानंतर पेशवेकालीन महसूलव्यवस्थेवरचे वाचन करायला बसले की दुसऱ्या पानावर डोळे मिटत.

म्हणून दुसऱ्या वर्षी काम करायचे ते विषयाला धरूनच, असे मी ठरविले. त्यात ध्येयवाद फारसा नव्हता, वेळेचे गणित होते. ज्या तासांत पैसे मिळतात त्याच तासांत अभ्यासाचाही काही भाग उरकला, तर झोपेचे दोन तास परत मिळतील, एवढाच विचार त्यामागे होता.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला पुण्यात विषयाशी संबंधित काम मिळणे अवघड नसावे, असे बाहेरच्या माणसाला वाटते. शहरात शनिवारवाडा आहे, केळकर संग्रहालय आहे, जुने वाडे आहेत, इतिहासप्रेमी तर गल्लोगल्ली आहेत. प्रत्यक्षात मी जेथे जेथे विचारले तेथे दोनच उत्तरे मिळाली. काम आहे, पण ते आवडीने आणि विनामूल्य करायचे. किंवा पैसे आहेत, पण फक्त रविवार सकाळचे. वारसा-फेऱ्यांत वाटाड्याचे काम मी तीन रविवार केले. ते मनापासून आवडलेही, मात्र पावसाळा सुरू होताच फेऱ्या थांबल्या. स्पर्धा परीक्षांच्या एका शिकवणीवर्गाने आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासावर टिपणे लिहून घेतली, चाळीस पाने झाल्यावर ‘मजकूर आमच्या चौकटीत बसत नाही’ असे कळविले, आणि पुढच्याच महिन्यात तीच टिपणे थोड्या फेरफाराने विद्यार्थ्यांच्या हाती दिसली. लेखी काहीच ठरलेले नव्हते, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. त्या फसवणुकीने मला एक सवय मात्र लावली. पुढे जे काही काम घेतले त्याचा दर, मुदत आणि पैसे कधी मिळणार हे मी आधी कागदावर उतरवून घेऊ लागले.

या साऱ्या धडपडीत माझ्याजवळ असलेल्या एका गोष्टीकडे मी कामाची गोष्ट म्हणून पाहिलेच नव्हते, आणि ती म्हणजे मोडी, जुने मराठी कागद जिच्यात लिहिले जात ती लिपी. आदल्या उन्हाळ्याच्या सुटीत सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळात मी मोडी लिपीचा वर्ग केला होता. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९१० साली स्थापन केलेल्या या संस्थेत बसून जुने कागद वाचायला शिकण्याचे अप्रूप होते, परंतु वर्गात मुळाक्षरे गिरविणे निराळे आणि खरा कागद पुढ्यात घेऊन बसणे निराळे. मोडी लिहिणारा आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेतो आणि मग हात शक्य तितका न उचलता अक्षरे तिच्याखाली लोंबवीत जातो. दोन शब्दांत जागा सोडलेली नसते, विरामचिन्ह नसते, ह्रस्वदीर्घाचा भेद नसतो, आणि अनुस्वार द्यायचा की नाही हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर असते. त्यामुळे वाचणाऱ्याला अक्षर ओळखून शब्द लावता येत नाही. पुष्कळदा आधी शब्दाचा अंदाज बांधावा लागतो आणि मग अक्षरे त्याला साक्ष देतात का ते पाहावे लागते. सवय झालेला वाचक हे इतक्या झटपट करतो की आपण अंदाज केला होता हे त्याच्या स्वतःच्याही ध्यानात राहत नाही. याचा फटका मला पुढे बसला.

मोडीला मागणी आहे हे मला कळले ते बातम्यांमधून. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, मराठा समाजातील लोकांना कुणबी म्हणून इतर मागासवर्गाचे प्रमाणपत्र देता यावे यासाठी जुन्या दप्तरांतील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि ज्या नोंदवह्या अनेक वर्षे कोणी उघडल्या नव्हत्या त्या वाचणार कोण, असा प्रश्न ठिकठिकाणी उभा राहिला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील गावपातळीवरील कितीतरी नोंदी मोडीत आहेत. शिवाय जमिनीचे खटले, इनामे, वाटण्या, देवस्थानांचे हक्क ही नेहमीची कामे होतीच. आमच्या वर्गातील बहुतेकांनी मोडी ‘एक छान जुनी गोष्ट’ म्हणून शिकून बाजूला ठेवली होती, आणि वकिलांच्या कपाटांत मात्र न वाचलेले कागद पडून होते.

मग मी कामाचे अर्ज पाठविणे बंद केले आणि नमुना तयार केला. मंडळाच्या वर्गात सरावासाठी मिळालेल्या कागदांपैकी दोन घेतले. एक पेशवेकालीन पत्र होते आणि दुसरे इंग्रजी अमदानीतील खरेदीखत, कारण दोहोंचे वळण वेगळे असते. बोरूने लिहिलेली जुनी अक्षरे ठसठशीत असतात, तर टाकाने लिहिलेली पुढच्या काळातील बारीक आणि चिणलेली. डाव्या पानावर मूळ कागदाची प्रत, उजव्या पानावर ओळीस ओळ देवनागरी लिप्यंतर, आणि खाली कठीण शब्दांचे अर्थ: मशारनिल्हे म्हणजे पूर्वी उल्लेखिलेला, सदरहू म्हणजे वर सांगितलेला, बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. अशा वीस प्रती अप्पा बळवंत चौकात काढल्या आणि सलग चार दिवस शिवाजीनगरच्या न्यायालयाच्या आवारात जमिनीचे दावे चालविणाऱ्या वकिलांना देत फिरले.

पहिल्या दोन दिवसांत बहुतेकांनी ते कागद वहीखाली सरकवून ठेवले. एकाने तर ‘कोणत्या वकिलांकडे आहात?’ असे विचारले, आणि मी कोणाकडेच नाही हे कळल्यावर संभाषण संपविले. तिसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ वकिलांनी नमुना उभ्या उभ्याच वाचला, खरेदीखताच्या लिप्यंतरातील एका शब्दावर बोट ठेवून ‘हे बरोबर आहे का?’ म्हणून विचारले, आणि मी ‘खात्री नाही, म्हणून पुढे प्रश्नचिन्ह केले आहे’ असे सांगताच एका चिठ्ठीवर कसबा पेठेतील पत्ता लिहून दिला. त्यांची मोडीची सगळी कामे पाहणारे एक गृहस्थ तेथे राहत होते. आयुष्यभर जुन्या दप्तरांत काम करून निवृत्त झालेले, वयाने सत्तरीच्या पुढचे. मी त्यांना पहिल्या दिवसापासून काका म्हणू लागले आणि त्यांनीही त्याला हरकत घेतली नाही.

काकांनी चहा दिला, कोणाकडे शिकलीस ते विचारले, आणि तीन पाने पुढ्यात टाकली. ‘घरी ने. शनिवारी आण. शब्दकोश बघ, जंत्री बघ, कोणाला विचारायचे तर विचार. मात्र कोणाला विचारलेस ते लिही.’ परीक्षा एवढीच होती. पाने एका वतनाच्या वादातील होती, पेशवाईच्या उत्तर काळातली. मी चार रात्री त्यांच्यावर घातल्या आणि शनिवारी मोठ्या समाधानाने स्वच्छ अक्षरातली प्रत त्यांच्या हाती दिली.

त्यांनी दोन जागी लाल पेन्सिलीने गोल केला.

पहिला गोल तारखेवर होता. कागदावर ‘सु॥ खमस समानीन मया व अलफ’ आणि ‘छ १५ रबिलावल’ असे होते. ‘सु॥’ म्हणजे सुहूर सन, मराठी कागदांतली जुनी कालगणना. त्यातले आकडे अरबी शब्दांत येतात आणि एककापासून वर चढत जातात: खमस म्हणजे पाच, समानीन म्हणजे ऐंशी, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार, एकूण ११८५. त्यात ५९९ मिळविले की इसवी सन येतो हे मला पाठ होते, म्हणून मी १७८४ लिहून मोकळी झाले होते. परंतु हे वर्ष जानेवारीला सुरू होत नाही, मृग नक्षत्राच्या सुमारास सुरू होते. शेतकऱ्याचे वर्षच ते, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणतात. डिसेंबर उलटला की त्याच सुहूर सनात ५९९ ऐवजी ६०० मिळवावे लागतात. छ ही मुसलमानी महिन्याच्या चांद्र तारखेची खूण, आणि त्या वर्षीचा रबिलावल जानेवारीत आला होता. तारीख १७८५ ची होती. श्रीगोंद्यासारख्या गावात मृगाची वाट पाहत वाढलेल्या मुलीने ही चूक करावी, याची मला त्या दिवशी जास्त लाज वाटली.

दुसरा गोल अधिक गंभीर होता. कागदाच्या घडीवर कसर लागून एक शब्द अर्धा गेला होता. ‘मौजे मजकूरचे’ यानंतर ‘मो’ एवढेच दिसत होते आणि पुढे भोक होते. मी तेथे ‘मोकदम’, म्हणजे गावचा पाटील, असे भरले होते, कारण वाक्यात तोच शब्द शोभत होता आणि दोन ओळी खाली पाटीलकीचा उल्लेखही होता. काकांनी भिंगाची काच माझ्याकडे सरकविली आणि विचारले, ‘हा शब्द पानावर आहे, की तुझ्या डोक्यात?’ मी अर्थाने कसा बरोबर बसतो ते सांगू लागले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘बसतो ना. म्हणूनच धोका. जो शब्द बसतच नाही तो कोणी भरीत नाही.’ मग त्यांनी त्याच पेन्सिलीने ‘मोकदम’ खोडले आणि ‘मो’ लिहून पुढे तीन टिंबे दिली. तळटीप करून ‘कदाचित मोकदम’ असे लिहायला त्यांची हरकत नव्हती. ओळीत लिहायला होती.

काम मिळाले नाही. ‘महिनाभर सराव कर, मग ये’ असे सांगून त्यांनी निरोप दिला. तो महिना मी पुणे पुराभिलेखागारात घालविला. कौन्सिल हॉलजवळची ही इमारत १८९१ ची. पेशवे दफ्तर म्हणतात ते येथेच आहे. कागद कापडात बांधलेल्या रुमालांत ठेवलेले असतात, रीतसर अर्ज करून ते पाहायला मिळतात, आणि रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात याच दफ्तरातून निवडून छापलेले पंचेचाळीस खंड हाताशी असल्यामुळे सरावाची एक सोय झाली. मी एखादे पत्र मुळातून वाचायची, मग ते छापील खंडांत सापडल्यास ताडून पाहायची. शिक्षकाविना चूक उमगण्याचा एवढा चांगला मार्ग मला आजवर दुसरा सापडलेला नाही, आणि जे कोणी मोडी शिकून पुढे काय असे विचारतात त्यांना मी हाच सांगते. सायंकाळची बिलांची नोकरी तोवर चालूच होती, हेही सांगायला हवे. हातचे सोडून विषयाच्या मागे धावण्याइतकी माझी ऐपत नव्हती.

ऑगस्टच्या अखेरीस काकांनी पुन्हा तीन पाने दिली. या वेळी माझ्या प्रतीत टिंबे बरीच होती, इतकी की देताना मला संकोच वाटला. त्यांनी ती मोजली, त्यातली दोन स्वतः वाचून भरली, बाकीची तशीच ठेवली आणि विचारले, ‘सोमवारपासून येतेस?’

अटी आम्ही एका वहीच्या पानावर लिहिल्या. साध्या वळणाच्या पानाला दीडशे रुपये. चिणलेल्या किंवा खराब झालेल्या पानाला दोनशे. यादी किंवा आकड्यांचे पान निम्म्या दराने. पैसे दर शनिवारी. आठवड्यात दहा ते बारा पाने, आणि परीक्षेच्या आधी तीन आठवडे सुटी. मी कच्चे लिप्यंतर करायचे, काका तपासणार आणि सही त्यांची. कागदाचे छायाचित्र माझ्या मोबाईलवर घ्यायचे नाही, आणि कोणाच्या घरचा कागद आहे हे खोलीवर बोलायचे नाही. पुढे मी पुराभिलेख विभागाची मोडीची परीक्षाही दिली, पण सही अजून त्यांचीच असते आणि ते योग्यच आहे. पहिल्या महिन्याचे पाच हजार आठशे झाले. अंतर अगदी तंतोतंत भरून निघाले नाही, तरी मी बिलांची नोकरी सोडली आणि मेसमध्ये गरम जेवू लागले.

अभ्यासाला याचा उपयोग झाला का, असे घरचे विचारतात. झाला, पण अपेक्षेप्रमाणे नाही. पेशव्यांच्या मुत्सद्देगिरीवरचे काही हाती लागेल असे मला वाटत होते. हाती आल्या त्या विहिरींच्या पाळ्या, आंब्याच्या झाडांच्या वाटण्या, भावाभावांची फारखते, म्हणजे वेगळे झाल्याचे करार. त्यातल्याच विहिरींच्या पाळ्यांवर आता माझा प्रबंध आहे. मार्गदर्शक बाईंनी विषय ऐकून क्षणभर पाहिले आणि म्हणाल्या, ‘हे तुला कुठे मिळाले?’ मी सांगितले, पानाला दीडशे रुपयांनी मिळाले.

गेल्या हिवाळ्यातला एक प्रसंग येथे लिहायला हवा. दौंडकडचे एक कुटुंब जुन्या नोंदवहीच्या पानाची प्रमाणित प्रत घेऊन आले होते. ती गाव नमुना १४ ची प्रत होती, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. जन्ममृत्यूच्या नोंदी, आणि त्यात जातीचा रकाना. इतर मागासवर्गाच्या पडताळणीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि हे पान तर त्याच्या कितीतरी आधीचे होते. पणजोबांच्या जन्माची नोंद, नाव स्पष्ट, बापाचे नाव स्पष्ट, गाव स्पष्ट. जातीच्या रकान्यात ‘कु’ होते आणि त्यापुढे शाई पसरून बोटाएवढा डाग पडला होता. मुलाची प्रवेशाची तारीख जवळ आली होती. मुलाचे वडील माझ्या खुर्चीमागे उभे होते आणि आई दाराशी.

‘कुणबीच आहे ना, ताई?’

मी भिंग लावले, पान खिडकीकडे तिरके धरले, त्याच पानावरील इतर नोंदींतले ‘कु’ शोधून त्यांच्याशी ताडले. दोन ठिकाणी कुणबी पूर्ण लिहिलेले होते. एका ठिकाणी कुंभार होते, अनुस्वाराशिवाय. काही कारकून नुसते ‘कु’ लिहूनही पुढे जात, तसे असते तर प्रश्नच नव्हता. परंतु येथे डागाखाली आणखी अक्षरे असल्याची खूण होती, शिरोरेघ पुढे गेलेली दिसत होती. कुणबी असण्याचा संभव मला जास्त वाटत होता. अगदी मनापासून वाटत होता.

मी ‘कु’ लिहून तीन टिंबे दिली आणि पान काकांकडे नेले. त्यांनीही बराच वेळ घेतला आणि शेवटी खाली लिहिले: पुढील अक्षरे डागामुळे अवाच्य. मग त्या गृहस्थांना बसवून सांगितले की पणजोबांच्या भावंडांच्या नोंदी त्याच गावच्या मागच्यापुढच्या वर्षांत सापडतील, त्या तहसील कार्यालयात शोधा आणि प्रमाणित प्रती काढून आणा, आम्ही त्याच दिवशी वाचून देऊ. गृहस्थ ऐकत होते की नाही कोण जाणे. ‘वाचताच आले नाही, तर पैसे कशाचे?’ असे म्हणून त्यांनी प्रत घडी करून खिशात घातली. त्यांच्या जागी मी असते तर मीही कदाचित हेच म्हटले असते. बाई जाताना मात्र दाराशी थांबल्या आणि कोणकोणत्या वर्षांच्या वह्या पाहायच्या ते त्यांनी माझ्याकडून पदराच्या टोकाशी धरलेल्या कागदावर लिहून घेतले. त्यानंतर ते कुटुंब आमच्याकडे आले नाही. दुसरीकडे गेले असतील, किंवा नोंद मिळालीही असेल.

त्या शनिवारी काकांनी नेहमीप्रमाणे माझी वही मागून घेतली आणि पाने मोजली. कोतवाल बुकाचे पान मी यादीत धरलेच नव्हते. त्यांनी ते स्वतःच्या हाताने सर्वांत खाली लिहिले, पुढे ‘खराब पान’ असा शेरा मारला आणि त्याचे दोनशे रुपये वेगळे काढून माझ्यापुढे ठेवले.